आमच्या दीड गुंठ्याच्या खरेदीखतावर सही कोण करणार? महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. चंद्रशेखर बावनकुळे,
महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकड्यांच्या खरेदी-विक्रीला मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यात बदल करणारा अध्यादेश नोव्हेंबर 2025 मध्ये निघाला, तेव्हा टीव्हीवरची बातमी ऐकून माझे वडील उठले आणि कपाटातून प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. शंभर रुपयांचा बाँड, त्याला टाचलेली चार पाने, नोटरीचा शिक्का, कब्जापावती आणि बॉलपेनने काढलेला चतुःसीमेचा नकाशा असे सगळे त्यांनी पलंगावर मांडले. वडील एसटीत वाहक होते. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून फेब्रुवारी 2022 मध्ये त्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या कडेला दीड गुंठा जागा घेतली. सातबाऱ्यावर आजही जागा विकणाऱ्या शेतकऱ्याचेच नाव आहे. "आता आपले नाव लागेल," असे म्हणून त्यांनी ती पाने पुन्हा नीट घडी घालून ठेवली.

ते नाव लागणार नाही, हे मला त्यांना सांगावे लागले. ते का लागणार नाही आणि लागावे म्हणून आपण काय करू शकता, एवढ्याचसाठी हे पत्र लिहिते आहे.

15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातले शहरी आणि शहरालगतच्या भागातले तुकड्यांचे व्यवहार आपण एक रुपयाही न घेता नियमित केलेत. 2017 मध्ये यासाठी बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांपर्यंत रक्कम भरावी लागत होती. 2024 मध्ये ती 5 टक्क्यांवर आली आणि आता शून्यावर. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात अडकलेली नावे कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात, येणार, "तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार" हा शेरा निघणार. ज्यांचे सातबारे वर्षानुवर्षे त्या शेऱ्याने नासले होते, त्यांना हा मोठा दिलासा आहे, आणि त्याबद्दल आपले मनापासून आभार.

पण हा दिलासा नोंदणीकृत खरेदीखत असलेल्यांना आहे. नोटरीवाल्यांना कार्यपद्धतीत सांगितले आहे की मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी भरून दस्त नोंदवून घ्या. साहेब, दस्त नोंदवायला विकणारा समोर लागतो. जुनी नोटरी आज नेऊन नोंदवता येत नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त सादर करावा लागतो, दंड भरून आणखी चार महिने मिळतात. म्हणजे नवीन खरेदीखत करायचे आणि त्यावर विक्रेत्याने सही करायची. आमचे विक्रेते 2023 मध्ये वारले. मागे दोन मुलगे, तीन मुली. थोरला म्हणतो, "काकांनी पैसे दिले, आम्हाला मान्य आहे. पण आजचा भाव बघा, काहीतरी वाढवून द्या." धाकटा फोन उचलत नाही. एक बहीण नाशिकला असते. तिला मी गेल्या महिन्यात भेटून आले. तिचे म्हणणे असे, की भावांनी वडिलांच्या जमिनीतला हिस्सा तिला कधी दिला नाही, मग त्यांच्यासाठी तिने सही का करावी? तिचे काय चुकले, हे मला सांगता आले नाही.

वडिलांनी नोटरीवर का घेतले, असा प्रश्न मलाही बरेच जण विचारतात. त्याचे उत्तर सरकारच्या कागदांतच आहे. 12 जुलै 2021 च्या परिपत्रकाने मंजूर रेखांकनाशिवाय (प्लॉट पाडण्याच्या मंजूर नकाशाशिवाय) एक-दोन गुंठ्यांची खरेदीखते नोंदवणे बंद झाले. वडील दोनदा कार्यालयात जाऊन परत आले. त्यांनी व्यवहार केल्यावर तीन महिन्यांनी, 5 मे 2022 रोजी, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक आणि नोंदणी नियमांतला 44(1)(आय) हा नियम रद्द केला. आम्ही पेढे आणले होते त्या दिवशी. पण शासन फेरविचारासाठी गेले, आणि ती याचिका फेटाळली गेली तरी खिडकीवर उत्तर तेच मिळत राहिले: "वरून आदेश नाहीत." तोपर्यंत शेतकरी अंथरुणाला खिळले होते.

दुसऱ्या बाजूला सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच, सूरज लॅम्प प्रकरणात, स्पष्ट केले होते की साठेखत आणि मुखत्यारपत्रावर मालकी हक्क येत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे. निकाल बरोबरच आहे. अशा कागदांवर एकच प्लॉट तिघांना विकणारे दलाल आमच्याच गल्लीत फिरतात. पण न्यायालय म्हणते नोंदणी करा, आणि नोंदणीचे दार शासनानेच लावून घेतलेले, अशा काळात ज्यांनी घर बांधण्यापुरती जागा घेतली त्यांनी कुठे जायचे होते? ज्यांना दहा-बारा जणांची मोट बांधता आली त्यांनी सामूहिक खरेदीत अकरा गुंठे घेतले आणि सातबाऱ्यावर एकमेकांच्या नावाला चिकटून बसले. ज्यांना ते जमले नाही त्यांच्या हाती बाँड आला.

1947 चा मूळ कायदा चुकीचा होता असे मी म्हणत नाही. भावाभावांच्या वाटण्यांत वावराच्या पट्ट्या होऊन औत वळायला जागा उरू नये, ही चिंता खरी होती आणि आजही आहे. आमच्या दीड गुंठ्यात मात्र औत कधीच वळणार नव्हते. आजूबाजूला नळ आहे, डांबरी रस्ता आहे, समोर पिठाची गिरणी आहे.

माझी मागणी एकच आहे. विक्रेता वारला असेल, सापडत नसेल किंवा अडवणूक करत असेल, तर नोटरीवाल्यांसाठी मानीव खरेदीखताची, म्हणजे विक्रेत्याच्या सहीशिवाय खरेदी झाली असे मानण्याची, तरतूद कायद्यात करा.

ही कल्पना मी हवेतून आणलेली नाही. बिल्डर जमीन सोसायटीच्या नावे करून देत नाही म्हणून याच राज्याने 2008 मध्ये फ्लॅटच्या मालकीसंबंधीच्या मोफा कायद्यात दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरण (जमिनीची मालकी सोसायटीकडे गेली असे मानणे) आणले. बिल्डरने सही केली नाही तरी जिल्हा उपनिबंधक सुनावणी घेऊन प्रमाणपत्र देतात आणि दस्त नोंदवला जातो. त्याच्याही आधी, कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक करणारा कूळकायदा होता. माझ्या आजोळी, सातारा जिल्ह्यात, पणजोबांचे त्या कायद्याच्या कलम 32-म चे जमीनखरेदीचे प्रमाणपत्र देवघराशेजारी काचेच्या चौकटीत लावलेले आहे. किंमत ठरली, ती त्यांनी भरली आणि प्रमाणपत्र मिळाले. जमीनमालकाने सही करायची की नाही, हा प्रश्नच कायद्याने ठेवला नव्हता. घरातली लहान मुलेसुद्धा त्या चौकटीला हात लावत नाहीत.

तसेच इथे करता येईल. खरेदीदाराने नोटरी, पैसे दिल्याचा बँकेचा पुरावा, वीजबिल, घरपट्टीची पावती असे जे असेल ते तहसीलदारांकडे द्यावे. मंडळ अधिकाऱ्याने जागेवर जाऊन पंचनामा करावा, शेजाऱ्यांचे जबाब घ्यावेत, गटाची मोजणी व्हावी. विक्रेत्याच्या सर्व वारसांना, मुलींनाही, नोटीस जावी. त्याच जागेवर दुसऱ्याने दावा केला तर प्रकरण दिवाणी न्यायालयात पाठवावे. नाही केला तर प्रमाणपत्र द्यावे आणि तेच नोंदणीस पात्र धरावे. यात काम वाढेल, मला कल्पना आहे. पण आज हेच काम दलाल करतो आहे, सही आणून देण्याचे दर ठरवून.

मुद्रांक शुल्काचेही बघा. नवीन खरेदीखत केले तर आजच्या रेडीरेकनरने (सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दराने) शुल्क भरायचे. वडिलांनी साडेसात लाख दिले ते 2022 मध्ये. शुल्क त्या वर्षीच्या दराने घ्या, आम्ही भरू. आम्हाला ते माफ नको आहे.

9 जुलै 2025 रोजी विधानसभेत आपण या निर्णयाची घोषणा केली, तेव्हा सुमारे 50 लाख कुटुंबांना फायदा होईल असे सांगितले होते. त्यांतली नोटरीवर व्यवहार केलेली किती, हे गावोगावच्या घरपट्टीच्या नोंदवह्या सातबाऱ्यांशी ताडून पाहिले तर तलाठी महिन्याभरात सांगू शकतील. निदान ती मोजणी तरी लगेच सुरू करा.

वडील आता 71 वर्षांचे आहेत. त्यांना तिथे दोन खोल्या बांधायच्या आहेत. गेल्या आठवड्यात मोजणीचा माणूस आला असता कुंपणाच्या चार खुंट्यांपैकी एक उपटलेली दिसली. त्यांनी ती दगडाने पुन्हा ठोकली आणि मला फोटो पाठवला.

कळावे.

आपली नम्र,
दीड गुंठ्याच्या एका खरेदीदाराची मुलगी