जेंटल

पुणे, रविवार

प्रिय विश्वास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. शाळेचं, शेताचं, काकांच्या गुडघ्याचं सगळं वाचलं, पण त्यातलं एक वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. इंग्रजीच्या धड्यात 'जेंटल' शब्द आला, तू मुलांना 'सौम्य, मृदू' असा अर्थ सांगितलास आणि मग मला लिहिलंस, 'सौम्यपणा ही खानदानी माणसांना परवडणारी चैन आहे. ज्याला रोज हक्कासाठी भांडावं लागतं त्याचं मृदू राहून भागत नाही.' विश्वास, हे लिहिताना तू त्या शब्दाच्या मुळावरच बोट ठेवलंस. त्यामुळे पोस्टकार्डावर मावेल असं उत्तर देणं शक्य नाही. चहा घेऊन बस.

या शब्दात सुरुवातीला मऊपणाचा लवलेश नव्हता. लॅटिनमध्ये 'गेन्स' म्हणजे कूळ, घराणं. त्यावरून 'जेन्टिलिस', म्हणजे त्या कुळातला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'बड्या कुळातला' असा झाला आणि तेराव्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हा हाच अर्थ घेऊन आला. चिलखत घालून, तलवार उपसून माणसं कापणारा सरदारही जेंटल, कारण त्याचा बाप आणि आजा सरदार. मवाळ की कडक, हा प्रश्नच नव्हता. कुणाच्या पोटी जन्मलास, एवढंच विचारलं जायचं.

हा 'गेन्स' आपल्याला परका नाही, बरं का. संस्कृतातला 'जन्' धातू आणि तो एकाच मुळाचे. म्हणजे आपले जन, जन्म, प्रजा आणि (इथे जरा थांब) जात, हे सगळे जेंटलचे चुलत भाऊ. 'अभिजात' तर सख्ख्यासारखा. त्याचा मूळ अर्थ 'चांगल्या कुळात जन्मलेला'. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण दोघांनी फोनवर किती वेळ गप्पा मारल्या. पण कुळाचं नाव त्या शब्दात दडलंय हे त्या दिवशी कुणाच्या मनातही आलं नाही. शब्दाला कुळाची कात टाकता येते, याचा पुरावा आपल्या घरातच आहे.

याच शब्दाची एक फांदी आपल्या गोव्यात पोचली. लॅटिन बायबलमध्ये ज्यू नसलेल्या 'इतर लोकांना' याच कुळातला शब्द वापरला आहे. पुढे ख्रिस्ती लोकांनी तो ख्रिस्ती नसलेल्यांना लावला. पोर्तुगीज गोव्यात आले आणि तिथल्या हिंदूंना 'जेंतिउ' म्हणू लागले. १८८० साली लिस्बनहून जी रूढींची संहिता लागू झाली, तिच्या नावातच 'गोव्याचे जेंतिउ हिंदू' आहेत. इंग्रजांनी तोच शब्द 'जेंटू' असा उचलला. ईस्ट इंडिया कंपनीतल्या हालहेड नावाच्या इंग्रजाने १७७६ मध्ये हिंदू कायद्याचं इंग्रजी भाषांतर छापलं, ते 'जेंटू लॉज' या नावाने. म्हणजे विलायतेतला वाडेवाला जमीनदार आणि गावच्या देवळात नारळ ठेवणारा गोंयकार, दोघांना एकाच शब्दाची दोन रूपं चिकटली. एकाला मान देण्यासाठी आणि दुसऱ्याला वेगळं काढण्यासाठी.

आता मऊपणा कुठून आला ते सांगतो. मला वाटतं, याची थोडी वाट जनावरांमधून जाते. ससाणे पाळणारे लोक बहिरी ससाण्याच्या मादीला 'फाल्कन-जेंटल' म्हणत, म्हणजे अस्सल जातीची. अस्सल जातीचं जनावर चांगलं शिकतं, हाताला येतं, अशी समजूत. मग जेंटल घोडा म्हणजे आधी उमदा आणि नंतर गरीब, न उधळणारा. पुढे तर घोडा माणसाळवणे यासाठी जेंटल हेच क्रियापद झालं.

माणसांत मात्र गोष्ट एवढी सरळ नव्हती. उच्चकुलीनाकडून काही वागणुकीची अपेक्षा असायची: दिलेला शब्द पाळणं, हात सैल असणं, दुबळ्याशी अदबीने बोलणं. जन्म आधी, वागणं त्याचं फळ, असं सगळे धरून चालायचे. पण कुणीतरी उलटा प्रश्न विचारणारच होतं: कूळ आहे आणि वागणं नाही, तर त्याला काय म्हणायचं? आणि वागणं आहे पण कूळ नाही, तर?

हा प्रश्न इंग्रजीत सगळ्यात ताकदीने विचारला चौदाव्या शतकाच्या अखेरीस कवी चॉसरने, आणि तो एका म्हातारीच्या तोंडून. त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये बाथ गावची एक बाई ही गोष्ट सांगते, ती तुला माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. आर्थर राजाच्या दरबारातला एक तरुण सरदार वाटेत भेटलेल्या मुलीवर बलात्कार करतो. त्याचा जीव वाचतो तो एका अटीवर: बायकांना सगळ्यात जास्त काय हवं असतं, ते वर्षभरात शोधून आण. उत्तर एका गरीब, कुरूप म्हातारीकडे मिळतं आणि बदल्यात त्याला तिच्याशी लग्न करावं लागतं. पहिल्या रात्री तो तोंड फिरवतो. तू म्हातारी, कुरूप, शिवाय हलक्या कुळातली, म्हणतो. मग ती बोलू लागते, आणि शंभराहून जास्त ओळी बोलते. ती म्हणते, विस्तव घे, कॉकेशसच्या डोंगरापर्यंत जे सगळ्यात अंधारं घर असेल त्यात ठेव, दार लावून निघून जा. कुणी बघो न बघो, तो विस्तवासारखाच जळेल. जेंटलपणा असा रक्तातून आला असता, तर सरदाराचं पोर कधी नीच वागलंच नसतं. तेव्हा जेंटल कृत्यं करील तोच जेंटल.

विश्वास, कोण कुणाला हे ऐकवतंय ते बघ. सगळं कूळ ज्याच्या पाठीशी आहे त्या बलात्कारी तरुणाला, जिच्यापाशी काही नाही ती बाई. आवाज चढवत नाही, शिवी देत नाही आणि तसूभरही मागे हटत नाही. तुझ्या वाक्याला माझं उत्तर असेल तर ही म्हातारी आहे. मृदू असणं आणि हक्क सोडणं या दोन गोष्टी आपण उगीच एकत्र बांधतो.

त्याच सुमारास, १३८१ च्या शेतकरी बंडात, जॉन बॉल नावाचा पाद्री लंडनबाहेरच्या माळावर जमलेल्या शेतकऱ्यांना विचारत होता: आदम खणत होता आणि हव्वा सूत कातत होती, तेव्हा जेंटलमन कोण होता? त्याच वर्षी १५ जुलैला त्याला फासावर दिलं.

आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग. तो चामड्याचा आहे. इंग्लंडात जोडे शिवण्याच्या धंद्याला 'जेंटल क्राफ्ट' म्हणत, कुलीन धंदा! टॉमस डेलोनी नावाच्या विणकराने १५९७ च्या सुमारास या नावाचं पुस्तकच लिहिलं. त्यात क्रिस्पिन आणि क्रिस्पियानस हे दोन राजपुत्र जीव वाचवण्यासाठी चांभाराकडे उमेदवारी करतात आणि चांभाराचा मुलगा जन्मतःच राजपुत्र असतो, ही म्हण तिथे अभिमानाने येते. हे दोघे चांभारांचे पालक संत. त्यांचा दिवस २५ ऑक्टोबर. आणि १४१५ साली याच दिवशी इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात अॅजिनकोर्टची लढाई झाली. शेक्सपिअरचा पाचवा हेन्री लढाईआधी शिपायांना सांगतो, आज माझ्याबरोबर जो रक्त सांडील तो माझा भाऊ. तो कितीही हलका असो, आजचा दिवस त्याला जेंटल करील. तिथे 'जेंटल' हे क्रियापद आहे. भाषण ऐकताना अंगावर काटा येतो. पण लढाई संपल्यावर राजा आपल्या बाजूच्या मेलेल्यांची यादी वाचतो. बड्यांची नावं घेतो, आणि मग म्हणतो, नावाचं दुसरं कुणी नाही, बाकीचे पंचवीस. जेंटल करण्याचं वचन सकाळी दिलं आणि संध्याकाळी त्यांना नावही मिळालं नाही. शेक्सपिअरने या दोन्ही गोष्टी एकाच नाटकात ठेवल्या, हे मला फार मोठं वाटतं. त्याला त्यातली कळ ठाऊक असणार. त्याचे वडील स्ट्रॅटफर्डला कातडं कमावून हातमोजे शिवायचे. १५९६ मध्ये त्या घराला कुलचिन्ह मिळालं तेव्हा कुठे ते कागदोपत्री जेंटलमन झाले. पुढे १६२३ मध्ये त्याच्या काळातल्या बेन जॉन्सन या नाटककाराने शेक्सपिअरला 'जेंटल शेक्सपिअर' म्हटलं, तेव्हा त्यात कुलचिन्ह किती आणि स्वभाव किती हे वेगळं काढता येत नाही.

नंतरचा प्रवास भरभर सांगतो. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये देवाच्या सेवकाने सगळ्यांशी जेंटल असावं असं आलं. तिथे कुळाचा संबंधच नाही. तरी १७५५ च्या सॅम्युएल जॉन्सनच्या (हा वेगळा जॉन्सन) इंग्रजी कोशात पहिला अर्थ कुळाचाच आहे आणि मऊपणा त्याच्या मागून येतो. आज ही उतरंड पूर्ण उलटली आहे. पहिला अर्थ फक्त अभ्यासकांना माहीत.

एका ठिकाणी मात्र जुना अर्थ हटून बसला, आणि तिथे आपला माणूस येतो. १८०६ पासून इंग्लंडात 'जेंटलमेन विरुद्ध प्लेअर्स' असा क्रिकेटचा सामना व्हायचा. हौशी बडे लोक एका बाजूला, पोटासाठी खेळणारे दुसऱ्या बाजूला. बऱ्याच मैदानांवर दोघांच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरण्याची दारं वेगळी. छापील धावपत्रकावर जेंटलमनची आद्याक्षरं आडनावाआधी, प्लेअरची आडनावानंतर. १९५० मध्ये लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर फ्रेड टिटमस या प्लेअरची आद्याक्षरं चुकून पुढे छापली गेली, तर ती दुरुस्ती ध्वनिक्षेपकावरून जाहीर केली गेली! शेवटचा सामना १९६२ मध्ये स्कारबरोला झाला.

हेच दार पुण्यात बाळू पालवणकरांसमोर होतं. १८७६ चा जन्म, चांभार समाजातले. आमच्या इथल्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखायची आणि साहेबांना सराव द्यायला तासन् तास डावखुरी फिरकी टाकायची. फलंदाजी त्यांच्या वाट्याला येत नसे. ते बड्यांचं काम. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतलं, तर मैदानात चेंडू एकच आणि चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात. म्हणजे जेंटल आणि जात, एकाच मुळाचे दोन शब्द, एकाच माणसाला दोन बाजूंनी अडवून उभे. १९११ मध्ये हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा बाळूंनी तिथे ११४ बळी घेतले. मुंबईच्या स्पर्धांतल्या हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, तेही बऱ्याच झगड्यानंतर.

तुझं म्हणणं मी खोटं ठरवत नाही. खानदानी लोकांनी हा शब्द स्वतःसाठी राखला होता, हे सगळं खरं. पण त्यात जो चांगुलपणा आला, तो मला तरी दाराबाहेरच्या माणसांनी भांडून आणलेला दिसतो. त्यात ती म्हातारी आहे, चांभारांचा अभिमान लिहिणारा विणकर आहे, हातमोजेवाल्याचा मुलगा आहे. म्हणून मुलांना 'सौम्य' हा अर्थ देताना हात आखडू नकोस. तो त्यांच्याच बाजूच्या लोकांनी कमावलेला आहे.

आणि आपल्या चौकातल्या पाट्या आठव. 'जेंट्स टेलर्स', 'जेंट्स पार्लर', एसटी स्टँडवर नुसतं 'जेंट्स'. ज्या शब्दासाठी कुलचिन्हं विकत घ्यावी लागत, तो आता कुठल्याही पुरुषाला लागू आहे, दार ढकल आणि आत जा. मला ही पाटी दिसली की खरंच बरं वाटतं.

म्हातारीच्या त्या ओळी मी मराठीत उतरवायला घेतल्या आहेत. विस्तवाचा भाग झालाय, पुढचा गरिबीवरचा राहिलाय. झाला की पाठवतो, नववीच्या मुलांना वाचून दाखव आणि त्यांची काय मतं पडतात ते मला कळव. एक मदतही हवी आहे: तुझ्याकडच्या जुन्या माणसांना विचार, बैल माणसाळवण्याला तिकडे नेमका कोणता शब्द आहे. मला 'बैल गरीब केला' असं ऐकल्याचं आठवतंय, पण खात्री करून हवी.

काकांना नमस्कार, वहिनींना नमस्कार, चिंगीला गोड पापा. कांद्याचं काय झालं तेही लिही.

तुझा,
मोहन