आवाज कोणाचा

देवगड,
६ एप्रिल २०२६

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत आलेल्या तुझ्या पत्राला मी आज उत्तर लिहितो आहे. तू रागावला असशील तर तो राग रास्त आहे. इकडे सर्व क्षेम; माझा गुडघा पूर्वीसारखाच दुखतो आणि माईंच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट पार पडले. आता ज्यासाठी कागद घेऊन बसलो ते लिहितो, कारण ते तुझ्याखेरीज कोणालाही लिहिता येणार नाही.

गेल्या महिन्यात मामांच्या खोलीची आवराआवर केली. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, बोटीवरच्या कागदपत्रांच्या खाली, एक कॅसेट निघाली आणि तिच्यावर त्यांच्या तिरक्या अक्षरात ‘पूजा, मे १९८१’ असे लिहिलेले होते. फितीच्या कडेवर पांढरी बुरशी चढली होती आणि फीत हेडला दाबून धरणारी फेल्टची टिकली केव्हाच गळून पडली होती. मी स्क्रू काढून दोन्ही रिळे दुसऱ्या कॅसेटच्या कवचात बसवली, पेन्सिल घालून फीत वीत वीत पुढे सरकवली आणि मऊ फडक्याने पुसली. या कामात दोन दुपारी गेल्या. तिसऱ्या दिवशी दार लावून ऐकायला बसलो.

सदा, वाडीच्या पूजेतला आपला तो कार्यक्रम तसाच्या तसा आहे. ‘नाइटफ्लाइट टू व्हीनस’चे ते ढोल लाउडस्पीकरवर घुमतात, त्यांच्यातूनच ‘रास्पुतिन’ सुरू होते आणि मी रंगमंचावर आल्याबरोबर पोरांचा एकच गलका उठतो. मग वळवाचा गडगडाट, वीज गेली, आणि बोनी एम या परदेशी बँडचे गाणे बसत बसत, लांबत लांबत जाऊन मुके झाले. कोणीतरी ओरडले, “गॅसबत्ती हाड रे!” त्या गोंधळात पडद्यामागून तुझा आवाज उठला. माइक नाही, इंग्रजीचा एक शब्द कळत नाही, तरी जिथे गाणे तुटले होते नेमके तिथूनच तू ते उचललेस, आणि दोन ओळींनंतर बेंजोवाल्यांच्या ढोलकीने तुला साथ दिली. मी नाचत राहिलो आणि रेकॉर्ड डान्सच्या सवयीने ओठ हलवत राहिलो. बत्तीच्या उजेडात लोकांनी जे पाहिले ते खरे मानले. स्टीलचा तांब्या मला मिळाला, आणि वाडीने ठेवलेले ‘बॉबी’ हे नाव आजही माझ्यामागे आहे.

गप्प राहायला तूच सांगितले होतेस, हे मी विसरलेलो नाही. कीर्तनकाराचा मुलगा इंग्रजी गाणे म्हणतो हे अण्णांना कळले असते तर त्यांनी तुला घराबाहेर काढले असते. परंतु अण्णा १९९२ मध्ये गेले आणि त्यानंतर मला गप्प ठेवणारे कोणीही उरले नव्हते. तुझ्या बहिणीच्या लग्नात पाहुण्यांनी मला ‘ते पूजेतले गाणे’ म्हणायचा आग्रह केला तेव्हा मी “घसा बसला आहे” असे म्हणालो. तू माझ्याकडे एकदा पाहिलेस आणि पानावरून उठून गेलास. त्यानंतर आपण दोन वर्षे बोललो नाही. त्या भांडणाचे खापर मी इतकी वर्षे तुझ्या तापट स्वभावावर फोडत आलो. ते माझे चुकले.

बोनी एममधला नाचणारा बॉबी फॅरल, ज्याच्यावरून मला ‘बॉबी’ हे नाव पडले, ३० डिसेंबर २०१० रोजी वारला. ज्या सेंट पीटर्सबर्गमध्ये १९१६ साली त्या गाण्यातल्या रशियन साधूची, रास्पुतिनची, हत्या झाली त्याच शहरातल्या हॉटेलात, आणि तारीखही तीच. आदल्या संध्याकाळी त्याने कार्यक्रम केला होता. ती बातमी वाचताना मला प्रथमच समजले की ज्या भरदार आवाजावर आपण जीव टाकत होतो तो आवाज बॉबीचा नव्हताच. तो फ्रँक फारियान या जर्मन निर्मात्याचा होता. हा मनुष्य मुळात आचारी. त्याने खालचा आणि वरचा, दोन्ही आवाज स्वतःच काढून पहिले गाणे केले, त्यावर एका ऑस्ट्रेलियन मालिकेतल्या गुप्तहेराच्या नावावरून ‘बोनी एम’ हे नाव लावले, आणि टीव्हीवाल्यांना दाखवायला चेहरे हवेत म्हणून नंतर चौघांना उभे केले. त्यांपैकी लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट ध्वनिमुद्रणात खरोखर गात. मेझी विल्यम्स आणि बॉबी गात नसत.

मला बॉबीचा राग आला नाही. त्याचे नाचणे खोटे नव्हते. अरुबा बेटावरून आलेल्या त्या मुलाच्या अंगात जी वीज होती ती फारियानला सात जन्मांत साधली नसती. दोष झाकून ठेवण्यात आहे. आपल्याकडे पार्श्वगायनाला कोणी फसवणूक म्हणत नाही, कारण गाणाऱ्याचे नाव सर्वांना ठाऊक असते. पण तेही आपोआप झालेले नाही. १९४९ च्या ‘महल’मधल्या गाण्याच्या तबकडीवर लताबाईंचे नाव नव्हते, पडद्यावरच्या पात्राचे ‘कामिनी’ हे नाव छापलेले होते. रेडिओच्या श्रोत्यांनी पत्रांवर पत्रे पाठवून विचारले तेव्हा ते नाव बाहेर आले. आपल्या वाडीने कधी विचारले नाही, आणि मी सांगितले नाही.

फारियानने पुढे मिली व्हॅनिली या जोडीच्या बाबतीतही तेच केले. १९९० च्या नोव्हेंबरात त्या दोघा मुलांकडून ग्रॅमी पारितोषिक परत घेण्यात आले, जगाने त्यांची छीथू केली, आणि त्यांतला रॉब पिलाटस १९९८ मध्ये मेलासुद्धा. लाज ओठ हलवणाऱ्यांच्या वाट्याला आली आणि जे खरे गायले होते त्यांची नावे कितीतरी लोकांना आजही ठाऊक नाहीत. मला त्या दुसऱ्यांची आठवण अधिक छळते.

तू नाझिया हसनचा कैवारी होतास. बंदरावरच्या भिंतीवर बसून आपण रात्र रात्र भांडलो आहोत, आणि एकदा तू माझी चप्पल खाडीत फेकली होतीस (तिचे पैसे अजून यायचे आहेत). तुझा मुद्दा एकच असे: पंधरा वर्षांची मुलगी लंडनमध्ये संगीतकार बिड्डूकडे गाते, आवाज तिचा आणि नावही तिचे, ‘कुर्बानी’त झीनत अमान नाचली तरी फिल्मफेअर नाझियाच्याच हाती आले. मी तुला तेव्हा हसत असे. तो मुद्दा तू कोणासाठी मांडत होतास, हे आज लक्षात येते.

आता खरी अडचण. पूजेचे हे पन्नासावे वर्ष आहे. कॅसेट सापडल्याचे भाच्याने बाहेर सांगितले, आणि मुलांनी ठरवले आहे की १० मे रोजी ‘बॉबीकाकां’ना शाल घालायची आणि ते गाणे सर्वांना ऐकवायचे. मी होकार दिलेला नाही. उभे राहायचेच तर तुझे नाव घेऊन, घडले ते सारे सांगूनच उभा राहीन, एवढे माझे ठरले आहे. परंतु कॅसेटवर आणखी काही आहे आणि ते तुझ्या आधी वाडीने ऐकावे असे मला वाटत नाही.

गाणे संपते. टाळ्या पडतात. मामांचा टू-इन-वन पुढच्या बाकाखाली ठेवलेला होता, त्यामुळे बाकावरचे बोलणे अगदी जवळून ऐकू येते. आधी तपकीर ओढल्याचा आवाज, आणि मग अण्णा विचारतात, “आवाज बरो आसा. कोणाचो रे ह्यो?” कोणीतरी सांगते, “बंडूचो.” त्यावर अण्णा थोडा वेळ काही बोलत नाहीत. नंतर म्हणतात, “सूर सोडूक नाय पोरान.”

मी हे चार वेळा ऐकले आणि चारही वेळा मला उठून अंगणात जावे लागले. त्यांना ओळखू आले होते की नाही हे मला ठरवता येत नाही. तू त्यांचा मुलगा आहेस, तुला कदाचित ठरवता येईल.

सूनबाईंना नोकरी लागल्याचे वाचून फार आनंद झाला. डोंबिवलीच्या घराच्या गळतीचे काय झाले ते कळव. नातवाला आशीर्वाद.

समितीची बैठक २६ तारखेला आहे. त्याआधी ये. कॅसेट माझ्या कपाटात आहे आणि तिची प्रत मी काढलेली नाही.

तुझा,
बंडू

ता. क. मामांचा टू-इन-वन चालतो. त्याला मोठे सेल लागतात, ते आणून ठेवले आहेत.