अजून दोन पगारपावत्या

नाशिकरोड

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू नोकरी सोडतो म्हणालास आणि फोन मीच आपटला. तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नोकरीचा विषय काढणार नव्हतो, पण एवढंच सांगतो: दोन महिने ती सोडू नकोस.

साहेबाची बोलणी खाणं काय असतं ते मला ठाऊक आहे, मीही प्रेसमध्ये 32 वर्षं काढली. पण हिशेब बघ. बायकोला ब्रिटनला न्यायच्या व्हिसासाठी तुझा पगार वर्षाला 29,000 पाउंड हवा. एकाच ठिकाणी सहा महिने भरले की तेवढ्या पावत्यांवर भागतं. तुझ्या चार झाल्या. आज सोडलीस तर नव्या जागी पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, नाहीतर मागच्या बारा महिन्यांत तेवढी कमाई प्रत्यक्ष झालेली दाखवायची. गेल्या हिवाळ्यात चार महिने तू घरी होतास. ती कुठून दाखवणार?

तू म्हणालास, ही पगाराची मर्यादा उतरणार आहे. जून 2025 मध्ये तिथल्या सरकारच्या सल्लागार समितीनं 23 ते 25 हजारांचा पर्याय मांडला, हे मीही वाचलं. पण तो अहवाल आहे, नियम नाही.

शिकवायला बसलो, माफ कर. खरी माफी तर वेगळ्याच गोष्टीची मागायची आहे. डिसेंबर 2023 मध्ये नियम कडक होणार असं जाहीर झालं, तेव्हा तू म्हणाला होतास, "बाबा, रजिस्टर लग्न करू आणि अर्ज टाकू." मर्यादा तेव्हा 18,600 होती, तुझा पगार त्यात सहज बसत होता. आजीचं वर्ष सरल्याशिवाय घरात कार्य नको म्हणून मी अडून बसलो. 11 एप्रिल 2024 ला 29,000 झाले. त्याआधी ज्यांचे अर्ज गेले त्यांना जुनाच आकडा राहिला. सूनबाई यावर एका शब्दानं बोलली नाही. तेच मला जड जातं.

इंग्रजीची परीक्षा ती पास झाली, आई शेजारी पेढे वाटून आली. टीबीची तपासणी मी थांबवलीय. दाखला सहाच महिने चालतो, अर्जाच्या तोंडावर मुंबईला जाऊ.

मखमलाबादचा मळा विकावा असंही मनात आलं. पण नुसत्या बचतीवर अर्ज करायचा तर 88,500 पाउंड लागतात, आणि मी दिलेले पैसे तुझ्या खात्यात सहा महिने राहायला हवेत. शिवाय काका सही करणार नाही, तुला माहीत आहे.

2008 च्या पुरात तू शाळा बुडवून गोदाघाटावर गेला होतास. सापडलास तेव्हा माझा सदरा धरून, पुराचं पाणी ज्याच्यावरून मोजतात त्या दुतोंड्या मारुतीकडे बघत विचारत राहिलास, "बाबा, अजून किती चढेल?" मी तुला थप्पड मारली होती. त्याच पोरानं परमुलखात एकट्यानं बस्तान बसवलं, तिथे कायमचं राहायचा परवाना मिळवला. प्रेसमधलं कोणी भेटलं की मी आधी हेच सांगतो. तुला कधी सांगितलं नाही.

अगदीच सोसवेना, तब्येतीवर आलं, तर सोड. मी काही बोलणार नाही. पण तसं नसेल तर दोनच महिने, बाळा.

पुढची पावती आली की सूनबाईला पाठव, फाइल तीच लावते. रात्री गरम जेवतोस का, ते आईला कळव.

तुझा,
बाबा