राउटर बंद केला, रक्तदाब मोजायचा राहिला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वायफायच्या लहरी आरोग्याला घातक असल्याचे सांगणारा कालच्या पुरवणीतला लेख आमच्या घरी सगळ्यात आधी सासूबाईंनी वाचला. रात्री रक्तदाबाच्या गोळीची वेळ झाली तेव्हा म्हणाल्या, "आधी ते यंत्र बंद कर, मग गोळी लागणारच नाही." गोळी घेतली नाही ती नाहीच. म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, डोके सकाळी उठल्यापासून मागच्या बाजूने ठणकायचे. वायफायचा राउटर त्यांच्या कॉटच्या वर होता. ओळखीतल्या कोणीतरी असाच एक लेख वाचायला दिला आणि तेव्हापासून त्या रोज रात्री नऊला हाताला रुमाल गुंडाळून प्लग उपसू लागल्या. पुढे सोसायटीत एक विक्रेता आला. लहरी अडवणारा म्हणे, रुपयाएवढा सोनेरी स्टिकर, बाराशे रुपये. आम्ही तीन घेतले. मी तेहतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, तरी घरात वाद नको म्हणून गप्प बसले. चार महिन्यांनी आई बाथरूमच्या दारात कोसळल्या. रक्तदाब १९०/११०. "शेवटचा कधी मोजला होता?" या डॉक्टरांच्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. डोकेदुखी त्यामुळेच होती असे डॉक्टरांनी ठामपणे सांगितले नाही. पण गोळ्या सुरू झाल्यावर ती थांबली. डाव्या हातातली ताकद मात्र परत आली नाही. वाटाणे सोलायला बसतात आणि शेंग बोटांतून निसटते.

'जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केले आहे' एवढे एक वाक्य टाकून लेखक मोकळे झाले. काय मान्य केले? संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओलहरी २ब गटात घातल्या. २ब म्हणजे कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा तोकडा. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. याच संघटनेने करवून घेतलेला आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला; मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध त्यात आढळला नाही. लेखात याचा उल्लेखही नाही. वर एक्स-रे आणि वायफाय एकाच वाक्यात बसवले आहेत! एक्स-रे पेशींतल्या रेणूंची मोडतोड करू शकतात. वायफायच्या २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या लहरींत तेवढी ऊर्जा नसते, त्या फार तर ऊब देतील, आणि घरगुती राउटरची शक्ती बहुधा एका वॉटहूनही कमी असते. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण त्याच वारंवारितेवर चालतो, पण सात-आठशे वॉटने, तोही बंद पेटीत.

मोबाइलच्या टॉवरबद्दल ज्यांना शंका आहे त्यांना दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' संकेतस्थळावरून शुल्क भरून मोजणी मागवता येते. आपल्याकडची टॉवरच्या लहरींची मर्यादा सप्टेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश करण्यात आली. घाबरलेल्या माणसाला लगेच उपयोगी पडेल अशी हीच माहिती लेखात नव्हती.

आणि इंटरनेटपासून जिवाला धोका पाहायचा असेल तर आमच्या गल्लीत या. विजेच्या खांबांवरून केबलींची भेंडोळी लोंबतात. जूनमध्ये शेजारच्या मुलाच्या गळ्याशी अशीच एक केबल आली, तो स्कूटरवरून पडला. दोन ठिकाणी अर्ज दिले, दोन्हीकडून 'आमची नाही' हेच उत्तर. त्यावर मात्र एक ओळ छापून येत नाही.

पुढच्या अंकात त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत २ब चा अर्थ छापावा ही विनंती. आई चष्म्याशिवाय फक्त मथळे वाचतात, आणि माझ्यापेक्षा त्यांचा तुमच्यावर जास्त विश्वास आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली