निकेलच्या पोराला तिथेच राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत फिलाडेल्फिया ईगल्सच्या बचावफळीवर आलेला लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात अमेरिकन फुटबॉलवर अर्धं पान, आणि तेही मध्यंतरातल्या नाचगाण्याबद्दल नाही, प्रत्यक्ष खेळाबद्दल! मी फिलाडेल्फियाच्या उपनगरात एकवीस वर्षं राहतो आणि ई-पेपर वाचूनच सकाळचा चहा घेतो. त्यामुळे आनंद झाला हे आधी सांगतो, कारण पुढे भांडायचं आहे.

लेखकाची दोन विधानं मला पटलेली नाहीत. पहिलं, ईगल्सनी 2025 च्या फेब्रुवारीत सुपर बोल (अजिंक्यपदाचा अंतिम सामना) जिंकला तो पुढच्या चौघांच्या जोरावर, म्हणजे क्वार्टरबॅकवर (पास फेकणाऱ्या मुख्य गड्यावर) तुटून पडणाऱ्यांच्या. दुसरं, डेरियस स्ले पिट्सबर्गला गेल्याने रिकामी झालेली बाहेरच्या कॉर्नरची (कडेच्या रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, रोखणाऱ्या बचावपटूची) जागा आतल्या बाजूला खेळणाऱ्या कूपर डिजीनला द्यावी. पहिलं अर्धवट बरोबर आहे. दुसरं साफ चूक आहे, आणि ती चूक पहिल्यातूनच आलेली आहे.

पुढच्या चौघांनी अंतिम सामन्यात कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला सहा वेळा चेंडूसकट लोळवलं, हे सगळ्या जगाने पाहिलं. पण मोसमाचा हिशोब बघा. 2023 साली ईगल्सचे सॅक (क्वार्टरबॅकला असं लोळवणं म्हणजे सॅक) होते 43. 2024 साली 41, म्हणजे दोन कमीच. तरीही 2023 मध्ये पासवर समोरच्याला मिळणारे यार्ड (पुढे सरकण्याचं अंतर) रोखण्यात ईगल्स 32 संघांत खालून दुसरे होते आणि 2024 मध्ये सगळ्यांत वर. पासवर दिलेली टचडाउन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेऊन केलेले गुण) 35 वरून 22 वर आली. पुढचे चौघे तेवढ्याच वेळा पोहोचत होते, मग हा फरक पडला कुठे? मागे पडला, आणि त्यातही एका विशिष्ट जागेवर.

ती जागा म्हणजे निकेल. निकेल म्हणजे इथलं पाच सेंटांचं नाणं. नेहमीच्या चार बचावपटूंच्या मागच्या फळीत लाइनबॅकर (मधल्या फळीतला गडी) काढून पाचवा आणला की त्याला निकेल म्हणतात. सहावा आणला की डाइम, म्हणजे दहा सेंट. (नाण्यांच्या हिशोबात सहाचे दहा कसे झाले, हे मला आजवर कोणी समजावलेलं नाही.) कधीकाळी हा पाचवा गडी खास प्रसंगापुरता यायचा. आता समोरचे संघ बहुतेक वेळ तीन रिसीव्हर घेऊन उभे राहतात, त्यामुळे तो जवळजवळ कायमचाच झाला आहे. तो उभा राहतो आतल्या रिसीव्हरसमोर, म्हणजे स्लॉटमध्ये.

लेखकाला वाटतं की बाहेरचा कॉर्नर म्हणजे मानाची जागा आणि आतला म्हणजे बदली. मैदानात उलटं असतं. बाहेरच्या कॉर्नरला सीमारेषा मदतीला असते, रिसीव्हर त्या बाजूला फार लांब पळूच शकत नाही. आतल्याला तसा आधार नाही. समोरचा डावीकडेही वळू शकतो आणि उजवीकडेही. शिवाय 2024 साली बचावाचे प्रशिक्षक झालेल्या विक फॅन्जिओंच्या पद्धतीत दोन्ही सेफ्टी (सगळ्यांत मागचे बचावपटू) खोल मागे उभे असतात, लांबचा पास होऊच द्यायचा नाही म्हणून. त्यामुळे पुढे माणसं कमी पडतात आणि धावणाऱ्याला अडवायचं कामही या निकेलच्या गड्यावर येतं. समोरच्याला छोटा पास खुशाल टाकू द्यायचा, पण चेंडू हातात पडला की तिथल्या तिथे माणूस आडवा करायचा, एक पाऊल जास्त मिळू द्यायचं नाही. पकड कच्ची असेल तर ही पद्धत दोन सामन्यांत कोसळते.

डिजीनची पकड कशी आहे, ते 1 डिसेंबर 2024 ला बाल्टिमोरमध्ये दिसलं. बाल्टिमोरचा चेंडू घेऊन धावणारा डेरिक हेन्री हा 112 किलोंच्या आसपासचा माणूस मोकळ्यात सुटला होता आणि समोर फक्त हा नव्वद किलोंचा पोरगा. हेन्री मागच्या मागे पडला. आमच्या घरात त्या क्षणी चहाचा कप सांडला होता, डाग अजून गालिच्यावर आहे.

आता 2023 आठवा. दुसऱ्याच सामन्यात मिनेसोटाविरुद्ध स्लॉटमधला अव्हाँटे मॅडॉक्स जखमी झाला आणि मग मोसमभर त्या जागेवर जो मिळेल तो. मधे बाहेरच्या कॉर्नरवरच्या जेम्स ब्रॅडबेरीलाही आत आणून पाहिलं. (आज लेखक सुचवतात तो प्रयोग याच्याच उलट दिशेचा आहे, एवढाच फरक.) बचावाचे प्रशिक्षक होते शॉन देसाई. आडनाव पाहून आमच्या इथल्या मराठी मित्रांनी लगेच गाव शोधायला घेतलं होतं. दहा जिंकून एक हरलेला संघ सॅन फ्रान्सिस्कोकडून 42-19 आणि डॅलसकडून 33-13 असा हरला आणि डिसेंबरात देसाईंच्या हातातून सूत्रं काढून मॅट पॅट्रिशियांकडे दिली. त्यानंतरची सिएटलची रात्र विसरता येत नाही. सिएटलचा राखीव क्वार्टरबॅक ड्रू लॉक आपल्या संघाला 92 यार्ड पुढे घेऊन आला आणि 28 सेकंद उरले असताना जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बाने ब्रॅडबेरीच्या डोक्यावरून चेंडू घेतला. मोसम संपला टॅम्पात, 32-9 असा. प्रशिक्षक बदलला म्हणून काही सुधारलं नाही, कारण उभी करायला माणसंच नव्हती. देसाईंवर सगळा दोष ढकलणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, माझे मराठी मित्रही त्यात आले.

2024 ची सुरुवातही काही वेगळी नव्हती. फॅन्जिओ आले, ड्राफ्टच्या (महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्या फेरीत कॉर्नर क्विन्यॉन मिचेल आणि दुसऱ्या फेरीत 40 व्या क्रमांकावर डिजीन आले, पण डिजीन स्नायू दुखावल्याने सराव शिबिरात बसूनच होता. पहिले चार सामने स्लॉटमध्ये पुन्हा मॅडॉक्स. अटलांटाने शेवटी शेवटी मिनिटाभरात 70 यार्ड जाऊन सामना पळवला, टॅम्पाने 33 गुण ठोकले. दोन विजय, दोन पराभव. मग सुट्टीचा आठवडा आला आणि 13 ऑक्टोबरला क्लीव्हलँडविरुद्ध फॅन्जिओंनी डिजीनला स्लॉटमध्ये उभा केला. तिथून सलग दहा विजय. सगळं श्रेय एकट्या त्याचं नाही, हे मला कळतं. साडेतीन मिलियन डॉलरमध्ये आणलेला झॅक बॉन, जो आधी कडेने हल्ला करायचा, त्याला मधला लाइनबॅकर करून टाकला, तोही तितकाच मोठा निर्णय होता. सॅकॉन बार्कली धावत होता, त्यामुळे बचावाला श्वास घ्यायला वेळ मिळत होता. पण बॉन आणि बार्कली पहिल्या सामन्यापासून होते. सुट्टीनंतर बदलला तो निकेल.

अंतिम सामन्यातले सहा सॅकही याच नजरेने बघा. फॅन्जिओंनी त्या रात्री एकदाही ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडणं) केला नाही. चारच माणसं पुढे, सात मागे. महोम्स चेंडू धरून उभा राहिला कारण टाकायला कोणी मोकळाच नव्हता. पहिल्या अर्ध्यात कॅन्सस सिटीचे एकूण यार्ड होते 23. आणि चेंडू हिसकावून 38 यार्ड धावत टचडाउन कोणी केला? याच पोराने, आपल्या बाविसाव्या वाढदिवशी.

आता मुख्य भांडण. स्ले गेला. सेफ्टी सी. जे. गार्डनर-जॉन्सन ह्यूस्टनला गेला. मॅडॉक्सही डेट्रॉइटला गेला, हे लेखकाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. डिजीनला बाहेर न्यायचं, तर आत कोण? डिजीन आयोवा विद्यापीठात मुख्यतः बाहेर खेळला होता, हा लेखकाचा मुद्दा खरा आहे. त्याला ते जमेलही. पण तो बाहेर चांगला आणि आतमध्ये भोक, अशी अदलाबदल करून मिळणार काय? आपण 2023 परत विकत घेणार.

माझी बायको साताऱ्याकडची, शाळेत कबड्डी खेळलेली. तिला निकेल-डाइम काही ठाऊक नाही. लेख मोठ्याने वाचून दाखवला तर म्हणाली, "अहो, कव्हरचा गडी कोपऱ्यात उभा केला की कोपरा भरतो, पण रेडर मधून निघून जातो. कोपऱ्याला दुसरा शोधा की." लेखकमहाशयांना माझं पत्र लांब वाटलं, तर एवढं वाक्य छापलं तरी चालेल.

आणि दुसरा आहे की. एक नव्हे, दोन आहेत. कीली रिंगो 2023 मध्ये चौथ्या फेरीत आला, वेग भरपूर, शरीर मजबूत, पहिली दोन वर्षं बाकावर बसून शिकला. अडोरी जॅक्सन 2025 साली न्यूयॉर्क जायंट्सकडून एका वर्षासाठी आला, अनुभवी आहे, पण दुखापतींचा इतिहास आहे. माझं मत रिंगोला. चुका करेल, दोन-तीन लांब पास खाईल, पण मागे दोन सेफ्टी आहेत ना खोल उभे! कच्चा माणूस लपवायचा असेल तर या पद्धतीत बाहेरचीच जागा त्यातल्या त्यात बरी. सेफ्टीसाठी एप्रिल 2025 च्या ड्राफ्टमध्ये अँड्र्यू मुकुबा घेतलाच आहे, त्यामुळे डिजीनला सेफ्टी करा म्हणणाऱ्यांनीही आता गप्प बसायला हरकत नाही.

एक तडजोड मला मान्य आहे. समोरचा संघ दोनच रिसीव्हर आणि जाडजूड गडी घेऊन धावायला आला आणि आपल्याला पाचवा बचावपटू ठेवायचा नसेल, तर डिजीनला बाकावर बसवण्यापेक्षा तेवढ्यापुरतं बाहेर उभं करावं. 2024 मध्ये अशा वेळी तो चक्क मैदान सोडून बाकावर जायचा, हे मला तेव्हाही खटकलं होतं. पण तिसरा रिसीव्हर मैदानात पाऊल टाकतो, त्या क्षणी त्याने आत यायचं.

2025 च्या मोसमातला ईगल्सचा पहिला सामना 4 सप्टेंबरला, डॅलसविरुद्ध, इथेच फिलाडेल्फियात ठरला. डॅलसचा रिसीव्हर सीडी लँब बऱ्याचदा स्लॉटमध्येच उभा राहतो. त्याच्यासमोर कोणाला उभं करणार, ते लेखकाने पुढच्या रविवारी नावानिशी लिहावं.

आपला नियमित वाचक,
मूळ सातारा, सध्या एक्स्टन (पेनसिल्व्हेनिया)