भिंतीवर चालतं, अर्जात चालत नाही

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : तरुण पुरुषांमधली लिंगताठरतेची अडचण, तिच्या नावावर चाललेली लूट आणि निकाली काढलेला माझा अर्ज.

महोदय,
सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात मला एका सरकारी कार्यालयाचं पत्र आलं. मजकूर दोन ओळींचा : 'सदर विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. तसेच अर्जातील भाषा शासकीय पत्रव्यवहारास अनुचित आहे.'

भाषा माझी नव्हती हो. आमच्या एसटी स्टँडसमोरच्या भिंतीवर एका दवाखान्याची जाहिरात रंगवलेली आहे. ताकद, लांबी, जाडी, वेळ, सगळ्याची गॅरंटी आणि खाली मोबाइल नंबर. ती मी अर्जात जशीच्या तशी उतरवली आणि एवढंच विचारलं, की औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालापासून आहे, त्याच्या कलम ३ नुसार अशी जाहिरात गुन्हा आहे, पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, मग ही भिंत अजून कशी? भिंतीवर तो मजकूर शाळेची पोरं रोज वाचतात. अर्जात आला तेव्हा मात्र साहेबांना तो अनुचित वाटला.

मी सोलापूर जिल्ह्यातला, वय ३१. साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतो, हंगामात रात्रपाळी. लग्नानंतर वर्षभरात मला त्रास सुरू झाला. ताठरता येईना, आली तर टिकेना. सरकारी दवाखान्यातच गेलो, कारण १५ ऑगस्ट २०२३ पासून तिथं सगळं मोफत केल्याची तुमच्या सरकारची फलकबाजी मी वाचली होती. मोफत आहे, खरंच. केसपेपरच्या खिडकीतून बाईंनी मोठ्यानं विचारलं, 'काय होतंय?' मागं रांगेत आमच्या भावकीतले अण्णा. मी म्हटलं, पोटात दुखतंय. आत डॉक्टरांच्या टेबलाभोवती आणखी तीन पेशंट. वाकून, हळू आवाजात सांगितलं. डॉक्टर हसले. 'या वयात कुठं असतं असलं? टेन्शन घेऊ नका, बायकोला महाबळेश्वरला फिरवून आणा.' बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या लिहिल्या. बीपी नाही, शुगर नाही, तंबाखू खातोस का हा प्रश्नसुद्धा नाही.

मग भिंतीवरचा नंबर होताच. त्या दवाखान्यात मात्र दार बंद होतं, चहा होता आणि 'बस भाऊ' म्हणणारा माणूस होता. त्यानं नाडी धरून 'लहानपणच्या सवयी' काढल्या आणि ४२ हजारांचा कोर्स गळ्यात मारला. बायकोचा राणीहार सोसायटीत गहाण पडला. पुडीनं गुण आला, पण तासाभरात तोंड लालबुंद व्हायचं आणि डोकं फुटायची वेळ यायची. शेवटी सोलापुरात एका खाजगी फिजिशियनकडं गेलो. ते म्हणाले, जडीबुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांमध्ये सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, कुटून घातलेलं सापडतं, लक्षणंही त्याचीच दिसतात. हीच गोळी डॉक्टरांनी तपासून, मोजून दिली तर चांगली आहे. पण छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या एखाद्या काकानं ही पुडी घेतली, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. असा कुणी गेला, तर नोंद होणार हार्ट अटॅकची. पुडीवाला भिंतीवर तसाच.

त्या फिजिशियननी पाच प्रश्नांचा कागद भरून घेतला. सकाळी उठताना ताठरता असते का, एकटं असताना येते का, झोप किती, दारू किती, नैराश्याच्या किंवा केसगळतीच्या गोळ्या चालू आहेत का, सगळं विचारलं. पोटाचा घेर मोजला. रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी शुगर ९.२ आणि बीपी १५०/१००. मला एकतिसाव्या वर्षी मधुमेह होता आणि तो ओळखायची पहिली खूण मी स्वतः तुमच्या दवाखान्यात चालत घेऊन आलो होतो. तिला महाबळेश्वर सांगितलं गेलं!

यात गूढ काही नाही. लिंगातल्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. गाळ साचायला लागला की बारीक नळी आधी तुंबते. म्हणून ही तक्रार हृदयविकाराच्या लक्षणांच्या दोन ते पाच वर्षं आधी दिसू शकते. प्रत्येकाचं असंच असतं असं नाही. तरुणांमध्ये पुष्कळांची अडचण भीतीची असते. पहाटे सगळं ठीक, जोडीदारासमोर बिघडतं, एकदा बिघडलं की पुढच्या वेळी आधीच धडधड. समुपदेशनानं ते सुटतं, आणि एखाद्या रात्री जमलं नाही म्हणजे आजार नव्हेच. पण भीती कुणाची आणि धमनी कुणाची हे विचारल्याशिवाय कसं कळणार? 'या वयात नसतं' म्हणणाऱ्यांसाठी : इटलीत मिलानच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये छापलंय की या तक्रारीसाठी पहिल्यांदा आलेल्या चारांपैकी एक पुरुष चाळिशीच्या आतला होता. आपला आकडा हवा? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ च्या अहवालात देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. निम्मे पुरुष धरा, मधुमेही पुरुषांत निम्म्यांना तरी हा त्रास असतो म्हणतात. अडीच कोटी झाले. हिशेब काटा-कारकुनाचा आहे, चुकत असेल तर तुमच्या खात्यानं दुरुस्त करावा. दुरुस्त करायला तरी मोजतील.

दरम्यान घरात काय झालं ते कुठल्या रकान्यात लिहू? पाळणा हलेना म्हणून बायकोची थायरॉइड, सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी झाली. गुरुवार झाले, नवस झाले. माझ्या वाटचे टोमणे तिनं खाल्ले आणि तोंड उघडलं नाही. एका भांडणात मेहुण्यानं हिंदू विवाह कायद्याचं कलम १२ काढलं. नवरा नपुंसक असल्यानं शरीरसंबंधच झाला नसेल तर लग्न रद्द करता येतं, हे आमच्या तालुक्यात मेहुण्यांना पाठ आहे. शुगर तपासा, हे डॉक्टरांना नाही.

आता तुमच्या योजना बघू. किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक आहे, ते एकोणिसाव्या वर्षापर्यंत. मधुमेह-रक्तदाबाची घरोघरची तपासणी तिशीपासून पुढं. मधली दहा वर्षं, म्हणजे बरोबर पोरांची लग्नं होतात ती वर्षं, कुणाच्याच रजिस्टरात नाहीत. सुरक्षा क्लिनिक आहे, पण ते संबंधातून होणाऱ्या संसर्गासाठी. तिथं गेलेला माणूस बाहेर पडताना दिसला की गावात एचआयव्हीची बातमी. आशाताई तिशीनंतर जो फॉर्म भरते, त्यात बायकांना संबंधानंतर रक्तस्राव होतो का असं विचारलेलं आहे, आणि ते योग्यच आहे. पुरुषाला त्या बाबतीत एकही प्रश्न नाही. तुमच्या खात्याला पुरुषाची कंबर आणि गुडघा यांमधला भाग फक्त नोव्हेंबरात, नसबंदी पंधरवड्याला आठवतो. त्या पंधरवड्याचं फळ काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब सर्वेक्षणात स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३. पुरुष पुढं का येत नाहीत? 'ताकद जाते' म्हणून! जाते की नाही, हे त्यांना समोर बसवून कधी सांगितलं का कुणी?

सांगणार कोण म्हणा. २००७ मध्ये याच राज्यानं शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. संस्कृती वाचली, भिंतींचा धंदा वाढला. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणाऱ्या र. धों. कर्व्यांवर वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं दिली म्हणून अश्लीलतेचा खटला भरला होता. १९३४ साली त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. कर्वे हरले. नव्वद वर्षांनी माझ्या अर्जावर तोच शेरा बसलाय. त्या दोघांच्या जयंत्या-पुण्यतिथ्यांना हार घालताना एकदा ती केस वाचा.

आणि दिल्लीची गंमत वेगळीच. १९५४ च्या कायद्यातली शिक्षा दोन वर्षं आणि दंड १० लाखांपर्यंत नेणारा मसुदा २०२० मध्ये आला आणि मसुदाच राहिला. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीला आधी परवानगी हवी असा नियम २०१८ मध्ये केला, तोच केंद्रानं १ जुलै २०२४ ला वगळून टाकला, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात घोळत राहिलं. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही. वाजीकरण, म्हणजे लैंगिक ताकदीवरचे उपचार, हे त्याचं एक जुनं अंग आहे, शिकलेला वैद्य शुगर विचारल्याशिवाय औषध देत नाही. भांडण परवान्यांच्या या खो-खोशी आहे. दवाखाना तुमच्याकडं, औषधाची पुडी दुसऱ्या खात्याकडं, भिंत नगरपालिकेकडं, आणि माणूस कुणाकडंच नाही. लाडकी बहीण झाली, लाडका भाऊ झाला. त्या भावाला होतंय काय, ते खासगीत विचारायला एक खोली मात्र निघत नाही.

मागण्या थोड्या आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्यातून एक संध्याकाळ, दार बंद, एक डॉक्टर, एक समुपदेशक. केसपेपरवर फक्त नंबर, खिडकीत प्रश्न नाही. या तक्रारीसाठी येणाऱ्या प्रत्येकाची, मग तो विशीतला का असेना, शुगर आणि बीपी सक्तीनं. आशाताईंच्या फॉर्मात एक ओळ. नव्या डॉक्टरांना न हसण्याचं प्रशिक्षण. सिल्डेनाफिलचं पेटंट कधीच संपलं, जेनेरिक गोळी देशातच बनते. चिठ्ठीवर दवाखान्यातून द्या, म्हणजे राणीहार गहाण पडणार नाहीत.

निधी नाही असं उत्तर येईल, ठाऊक आहे. तसं असेल तर नागपूरच्या अधिवेशनात एखाद्या आमदाराला हा प्रश्न विचारू द्या. सभागृह हसेल, हसू द्या. हसून झालं की लेखी उत्तर पटलावर ठेवा. त्यात १९५४ च्या कायद्याखाली गेल्या दहा वर्षांत किती गुन्हे नोंदवले, ते तालुकावार असू द्या.

आपला,
एक मतदार
(नाव-पत्ता निकाली काढलेल्या अर्जावर आहे. इथं लिहीत नाही, गावात राहायचंय.)