ई-स्पोर्ट्‌सच्या दारात लिनक्सवाल्यांना का अडवता?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ऑनलाइन गेमिंगवर पानभर मजकूर आला होता. त्यात पैसे लावायची ॲप, मोबाइलवरची रमी आणि बंदुकीचे सांघिक खेळ हे सगळं एकाच माळेत ओवलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं ही माळ तोडली आहे. पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणि ई-स्पोर्ट्‌सना मान्यता, अशी सरळ विभागणी त्यात आहे. मी या दुसऱ्या बाजूचा, म्हणजे संगणकी खेळांच्या कौशल्यावर स्पर्धा खेळणाऱ्यांच्या बाजूचा माणूस. तिथेही एक अन्याय होतो आहे: विंडोजऐवजी लिनक्स, म्हणजे कुणालाही मोफत घेता आणि बदलता येणारी संगणक प्रणाली, वापरणाऱ्या पोरांना खेळाबाहेर ठेवलं जातं. त्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

मी कराडचा. २००४ साली एसटी स्टँडजवळ आठ मशीनचा सायबर कॅफे टाकला, आता त्याच गाळ्यात संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. कॅफेत दिवसा निकाल आणि फॉर्म, संध्याकाळी सहानंतर काउंटर-स्ट्राइक १.६ हा बंदुकीचा सांघिक खेळ. तासाला वीस रुपये. चार-चार पोरांचे दोन संघ, मधे एक हब आणि जमिनीवर पसरलेल्या निळ्या वायरी. लोडशेडिंगची वेळ झाली की आठही यूपीएस एकदम ओरडू लागायचे आणि पोरं म्हणायची, ‘काका, एवढा राउंड होऊ दे.’ मीही तेव्हाच शिकलो. आज वय ४६, अजून खेळतो.

बाहेरून बघणाऱ्याला फक्त गोळ्या दिसतात. पण या खेळातला निम्मा वेळ हिशेबात आणि कान देण्यात जातो. आजच्या खेळात पाच-पाच जणांचे दोन संघ, आणि सामना सुरू होताना प्रत्येकाकडे खेळातले ८०० डॉलर. एके-४७ बंदुकीला २७००, लांब पल्ल्याच्या एडब्ल्यूपीला ४७५०. म्हणजे पहिल्या राउंडला सगळे पिस्तुलावर. हरलेल्या संघानं पुढच्या राउंडला उसनं बळ आणून अर्धवट खरेदी करायची, की पाचही जणांनी हात आखडून पैसे साठवायचे, हे पंधरा-वीस सेकंदांत पाच जणांनी मिळून ठरवायचं. एकानं हट्टानं बंदूक घेतली की पुढचे दोन राउंड सगळा संघ फेडतो. एक संघ बॉम्ब लावतो, दुसऱ्यानं तो निकामी करायचा. बॉम्ब लागला की फुटायला ४० सेकंद. अवजारांचं किट विकत घेतलेलं असेल तर निकामी करायला पाच सेकंद लागतात, नसेल तर दहा. आपण एकटे उरलोय, समोर दोघं, किट नाही आणि घड्याळात बारा सेकंद. अशा वेळी पळताना पाय वाजतात, म्हणून बटण दाबून हळू चालायचं, आणि हळू चाललं तर वेळ पुरत नाही. हा पेच मी हजारदा अनुभवलाय, तरी दरवेळी तळहाताला घाम येतो.

आणि इथं खिशातले खरे पैसे टाकून जिंकता येत नाही. बंदुकीवरचा रंग विकत मिळतो, नेम मिळत नाही. एके-४७ चा धक्का वर आणि मग बाजूला जातो, तो माउस खाली ओढून आवरायचा. ही सवय बँकेतल्या साहेबाच्या मुलाला आणि रिक्षावाल्याच्या मुलाला सारखेच महिने घेते. माझ्या कॅफेत हे दोघं एकाच संघात बसायचे.

आता लिनक्सकडे येतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. माझ्याकडे रोज कुणी ना कुणी इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचं मशीन घेऊन येतं. मशीन धडधाकट असतं, फक्त विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. चाळीस-पन्नास हजारांचं नवं घ्या असं मला सांगवत नाही. मी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकतो, लिनक्स मिंट ही लिनक्सची सोपी आवृत्ती टाकतो, दोन तासांत मशीन पुन्हा पळायला लागतं. मग पोरगा हमखास विचारतो, ‘काका, यावर गेम चालतात का?’

चालतात. स्टीम हे व्हॉल्व्ह कंपनीचं खेळांचं ऑनलाइन दुकान लिनक्सवर २०१३ मध्ये आलं. काउंटर-स्ट्राइकची आधीची आवृत्ती २०१४ पासून लिनक्सवर होती, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आलेली काउंटर-स्ट्राइक २ पहिल्या दिवसापासून लिनक्सवर आहे. जे खेळ फक्त विंडोजसाठी लिहिलेत त्यांच्यासाठी २०१८ मध्ये व्हॉल्व्हनं प्रोटॉन आणलं. खेळ विंडोजच्या भाषेत, म्हणजे डायरेक्टएक्समध्ये, ग्राफिक्स कार्डाला हुकूम देतो. मधे बसलेला हा दुभाषा तो हुकूम चालता चालता व्हल्कनमध्ये, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या ग्राफिक्सच्या भाषेत, सांगतो. याचा पाया असलेलं वाइन, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, १९९३ पासून जगभरच्या लोकांनी लिहीत आणलंय. २०२२ साली आलेलं स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र मुळात लिनक्सच आहे. दुकानातल्या माझ्या मशीनवर एएमडीचं मधल्या दर्जाचं कार्ड आहे. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच, येतो, वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही. मुंबईच्या सर्व्हरला पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, तीस मिलिसेकंदांच्या आत, आणि खेळाच्या मध्येच ‘अपडेटसाठी रीस्टार्ट करा’ अशी पाटी नाही.

मग अडतं कुठं? फसवणूक रोखणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी. भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारे, आपोआप नेम लावणारे चोरटे प्रोग्राम हा या खेळांना लागलेला खरा रोग आहे. काउंटर-स्ट्राइकमध्येही तो आहे आणि त्याचा मला राग येतो. त्यावर काही कंपन्यांनी काढलेला उपाय म्हणजे विंडोजच्या कर्नलमध्ये, सगळ्यात आतल्या खोलीत, आपला पहारेकरी बसवणं. व्हॅलोरंट हा बंदुकीचा खेळ २०२० पासून असाच चालतो, म्हणून तो लिनक्सवर नाही. एपेक्स लेजंड्स हा दुसरा खेळ, ते लिनक्सवर नीट चालत होतं. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस ते बंद केलं गेलं. लिनक्स खुलं असल्यानं चोरांना लपायला जागा मिळते, असं कारण दिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या बॅटलफिल्ड ६ ला सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होतानाच सॉफ्टवेअरची सही तपासणारी सोय, सक्तीचं आहे आणि लिनक्सला प्रवेश नाही.

लिनक्सवर पहारा बसवताच येत नाही, असं मात्र नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या प्रणालींनी २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी सोय केली. खेळ बनवणाऱ्यानं ती चालू करायची एवढंच. द फायनल्स आणि आर्क रेडर्स या खेळांनी केली, आणि ते लिनक्सवर चालतात. हा पहारा कर्नलमधल्याइतका कडक नसेल, हे मी मान्य करतो. पण कर्नलमध्ये परक्याला बसवण्याची किंमतही बघा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले, आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहावे लागले. ते तर सुरक्षेचं सॉफ्टवेअर होतं. ज्या मशीनवर वडिलांची जीएसटीची रिटर्न भरली जातात आणि आईचं बँक खातं उघडलं जातं, त्याच्या कर्नलमध्ये खेळाच्या कंपनीला मी शिरू देणार नाही.

यंदा माझा पुतण्या, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, एका महाविद्यालयीन स्पर्धेत उतरणार होता. पाच जणांचा संघ, तीन महिने रात्री अकरा ते एक सराव. त्याचं मशीन मीच बांधून दिलेलं, लिनक्सचं. ऐनवेळी आयोजकांनी खेळ बदलला आणि अर्जात अट घातली: विंडोज ११ असलेला स्वतःचा लॅपटॉप आवश्यक. त्याच्या जागी दुसरा मुलगा बसला. पुतण्या दोन दिवस मित्रांच्या खुर्चीमागे उभा राहून ‘बी वर दोघं, एक टनेलमध्ये’ असं शत्रू कुठे आहेत ते सांगत होता. कबड्डीच्या मैदानावर अमुक कंपनीचेच बूट पाहिजेत असं म्हणून कुणाला बाहेर काढलं असतं, तर आपण गप्प बसलो असतो का?

म्हणून माझं मागणं आयोजकांकडे आणि हा कायदा राबवणाऱ्यांकडे आहे. सार्वजनिक पैशातून किंवा महाविद्यालयाच्या नावानं स्पर्धा भरवाल, तेव्हा विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालणारा किमान एक खेळ ठेवा. ते जमत नसेल तर स्पर्धेची मशीन तुम्ही पुरवा, सगळ्यांना सारखी. फसवणुकीची भीतीही त्यानं उरणार नाही. माझ्या कॅफेत आठ मशीनवर चोरी व्हायची नाही, कारण प्रत्येकाचा पडदा मला दिसत होता. सरकारच्याच सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेनं बॉस नावाची लिनक्स प्रणाली बनवली आहे. तिच्यावर काम करणारा कारकून चालतो, तर तसल्याच मशीनवर खेळणारा मुलगा का चालू नये?

आपल्या पुरवणीनं यावर एकदा खेळाडूंशी बोलून लिहावं. तशी पोरं हवी असतील तर रविवारी संध्याकाळी दुकानावर यावं. सहा मशीन लावलेली असतात, सगळी जुनी, सगळी लिनक्सवर.

आपला नम्र,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, कराड